पंच म्हणून माझी सही

आमचं मूळ गाव वराळे, वडील घोरावाडी स्टेशनाजवळ रेल्वेत गँगमन, घरात शिकलेला पहिला मीच, आणि तेहतीस वर्षं लोणावळ्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. बायको गेल्या वर्षी गेली. मुलगा कॅनडात, रोज फोन करतो, बाबा, तिथं आता बोलायची सोय राहिली नाही, घर बंद करा आणि या. लोकांना वाटतं मी बायकोच्या आठवणींपायी अडकलोय. तसं नाही हो.

काय सांगू तुम्हाला, शेजारच्या सिंधूबाईंची प्रज्ञा कॉलेजात शिकवायची, भुशीकडच्या एका सभेत ती सरकारविरुद्ध बोलली आणि चार दिवसांनी पोलीस घर तपासायला आले, पंच म्हणून मला घेऊन, म्हणाले, सर, नुसतं उभं राहायचं आणि सही करायची. आमच्या मावळात पंच म्हणजे न्याय करणारा. सिंधूबाई मला बघून पोरीला म्हणाल्या, भिऊ नगं गं, भाऊ पंच हायती, आणि मला चहा दिला, आणि मी तो प्यायलो. हवालदार हसत होता, एवढी पुस्तकं, हिनं लग्न कधी करायचं? त्यांनी सात पुस्तकं आक्षेपार्ह म्हणून लिहून घेतली. सातही आमच्या वाचनालयाची, आत शिक्का, मीच दिलेली. एवढंच बोलायचं होतं, बोललो नाही. वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून जन्मभर पोरांना दटावलं, आणि त्या कागदावर मी न वाचता सही केली. घरी बायकोनं विचारलं, वाचलंत ना? मी हो म्हटलं. तेच खरं मानून ती गेली.

त्याच पुस्तकांवरून प्रज्ञाला अटक झाली, ती अजून आत आहे. मुलानं तिकीट पाठवलं तेव्हा, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं, परदेशातल्या पंचाला साक्षीला कोण बोलावणार. मग सिंधूबाई निरोप द्यायला आल्या, म्हणाल्या, जावा भाऊ, लेकाकडं सुखानं ऱ्हावा, आमाला जायला कुटं न्हाई म्हणून आमी हितं हाय. मग मला राहवेना, पुस्तकांचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तवाच बोलायचं व्हतं, भाऊ.

तिकीट रद्द केलं. प्रज्ञाच्या वकिलांना म्हटलं, पुस्तकं मी दिली हे कोर्टात सांगेन. ते म्हणाले, मग सही का केलीत विचारतील. म्हटलं, भ्यालो, असं सांगेन. मुलगा म्हणतो, तुम्हालाही आत घालतील. घालतीलही, भीती अजून आहेच, ती काही गेली नाही. तारीख नुसती पुढं जाते. सिंधूबाई दारावरून जातात, बोलत नाहीत, बरोबरच आहे त्यांचं. पोर सुखरूप घरी येऊ दे, माझं तोंड नाही पाहिलं तिनं तरी चालेल.