गोलकीपरचा शब्द

उकंडराव : ...तं फुटबॉलचा भोलजी चषक काऊन बंद पडला, आयक. फायनलचा बॉल एका बैलानं गिळला. तीन दिवस ढेकर देऊन राह्यला, अन् दर ढेकरीले गाव ओरडे, गोल.

पद्मजा : काका, मघाशी म्हणालात, चषक लोणारच्या सरोवरात पडला.

उकंडराव : पडला ना. खाऱ्या पाण्यानं हिरवा झाला. तेही खरं, हेही खरं.

रुख्मिणी : चहा घे वं बाई. आमच्या बुढ्याचं आयकत बसशीन तं शेवटची यष्टी जाईन.

पद्मजा : मी वरवट बकालची. अनंत मास्तरांची मुलगी. एकोणनव्वदच्या फायनलला वडनेरच्या गोलमध्ये तुम्ही होता. शेवटचा बॉल बाबांनी मारला होता.

उकंडराव : ...रुख्मिणी, साखर कमी पडली चहात.

रुख्मिणी : साखर तेवढीच हाय. सांगा तिले.

पद्मजा : बाबांना डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. माझं नाव विसरतात, पण रोज विचारतात, गोल होता ना? तेव्हा सगळं गाव त्यांना हसलं होतं. म्हणे, कीपरनं माती लावली, आता काऊन रडता मास्तर?

उकंडराव : पोस्टाले जाळी नसे, बाई. दोन बांबू. चुन्याची रेघ घटकाभरात पुसे. मंग बॉल आतून गेला का बाहेरून, हे गोलकीपरनं सांगायचं, रेघेवरची माती कपाळाले लावून. रेफरी तेच मानत जाय. बावीस वर्सं कोनी खोटं बोललं नाई. सोताच्या टीमवरचा गोल कबूल करून पोट्टे रडत घरी गेले.

पद्मजा : आणि तुम्ही?

उकंडराव : मी माती लावली, अन् म्हनलं, बाहेरून गेला. तुह्या बापानं माह्याकडं पाह्यलं. भांडला नाई. मैदानाबाहेर गेला. पण पोस्टामांगं आमच्याच गावचे पोट्टे उभे होते. त्यायनं पाह्यलं, माती लावून खोटं बोललं तरी आभाळ पडत नाई. पुढच्या साली तेही बोलले. मंग दर गोलाले लाठ्या. तिसऱ्या साली एकही टीम आली नाई.

रुख्मिणी : पस्तीस वर्सं झाली. मलेही आजच समजून राह्यलं.

पद्मजा : हे बाबांना सांगाल? फोन लावते. माझी ओवी त्यांच्याजवळ बसली आहे.

(फोन लागतो. पलीकडे नात तो आजोबांच्या कानाशी धरते.)

उकंडराव : अनंता, वडनेरचा उकंड्या बोलून राह्यलो. गोल होता. रेघेच्या हातभर आत होता. मी खोटं बोललो.

रुख्मिणी : काय म्हनते मास्तर?

पद्मजा : थांबा, ओवी सांगते आहे... हसले म्हणे. म्हणाले, उकंडराव जन्माचा गप्पाड्या. मरणाऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय. कीपर माती लावून खोटं बोलत नसतो.