एकाच फोल्डरमधली गाणी

आबा, मीरा वहिनी, रामाच्या कंपनीतले सगळे, बँडची मंडळी, आणि गल्लीतले तुम्ही सगळे. बसून घ्या. मागं सतरंजीवर जागा आहे.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाय म्हणाले होते. मी ज्योती. रामाच्या बँडमध्ये बास गिटार वाजवते. बास वाजवणाऱ्याला कुणी बोलायला सांगत नाय आणि मला ते बरं वाटायचं. रामा असता तर म्हणाला असता, ज्योतीच्या हातात माइक देऊ नका, ती भांडण करील. तर मी भांडणच करणार आहे. मध्ये रडू आलं तर थोडं थांबीन, तेवढं सांभाळून घ्या.

रामेश्वर गेला. आपला रामा. सकाळच्या पाळीला वाळूजला मशिनीवर उभा होता. छातीत दुखतंय म्हणाला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चाळिशीसुद्धा नीट ओलांडली नव्हती त्यानं. अजून मला त्याच्या नावापुढं 'होता' लावायची सवय झालेली नाय.

मुकुंदवाडीतली त्याची खोली तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिली आहे. वरचा मजला, वर पत्रा. पंखा लावला की त्याची घरघर माइकमध्ये यायची, म्हणून रेकॉर्डिंगला पंखा बंद. दार बंद. घामानं निथळत आम्ही रॉक वाजवायचो. जुना कॉम्प्युटर, गिटार त्याला जोडायची एक छोटी पेटी, पायाशी दोन-तीन पेडलं, आणि ड्रमच्या जागी रबरी पॅड. गिटारचा आवाज मोठा करणारा भलामोठा अँप नव्हताच. अँपचा आवाज कॉम्प्युटरच्या आतच तयार व्हायचा. खोलीत नुसतं उभं राहिलं तर तारांची किणकिण आणि पॅडवरची टपटप ऐकू यायची. हेडफोन लावला की छाती हादरायची. शेजारच्या काकूंना कितीतरी दिवस वाटायचं, हे लोक आत बसून नुसते घाम गाळतात.

आणि भिंतींना घोंगड्या. आबांच्या, म्हणजे त्याच्या वडलांच्या, मेंढरांच्या लोकरीच्या. आवाज घुमू नये म्हणून रामानं गावाकडून आणून टांगल्या होत्या. आबा सोयगावकडून पहिल्यांदा आले, दारात थांबले आणि म्हणाले, "घोंगडं अंगावर घ्यायचं सोडून भिंतीला का पांघरलंस रं?" रामा म्हणाला, "भिंतीला थंडी वाजती, आबा." मग त्यानं आबांच्या कानाला हेडफोन लावला. आबांनी डोळे मिटून सबंध गाणं ऐकलं. काढताना म्हणाले, "लई वरडतूस. पण खोटं नाय वरडत." आमच्या बँडचं याहून मोठं कौतुक कुणी केलेलं नाय.

आता ज्याच्यासाठी उभी राहिले, ते बोलते.

दाराशी, चपलांजवळ, एक माणूस उभा आहे. एकदम सगळ्यांनी माना वळवू नका. इरफान आहे तो. आमचा ड्रमर. सभा सुरू झाल्यापासून तिथंच आहे. त्याला आत ये असं कुणी म्हणालं नाय. मी बघत होते. रोज त्याच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करून घेणारी माणसं त्याच्या खांद्याला खांदा घासून आत आली आणि ओळख न दाखवता बसली.

का? तर इरफाननं रामाची गाणी पुसली.

हे आपल्या ग्रुपवर फिरतंय. "रामा एकदा गेला, इरफाननं त्याला दुसऱ्यांदा मारलं," असं एकानं लिहिलं. तो इथं बसलाय. लिहिताना फार जमलं असं वाटलं असेल त्याला. दुसऱ्या एकानं इरफानच्या नावावरून, त्याच्या धर्मावरून जे लिहिलं, ते मी आबांसमोर उच्चारणार नाय. एवढंच सांगते, रामानं ते वाचलं असतं तर त्या माणसाला घरात पाऊल टाकू दिलं नसतं. आणि खाली अंगठे दाखवणाऱ्यांनाही नाय.

काय झालं ते सांगते. फोडून सांगते, कारण कळलं कुणालाच नाय आणि बोलतायत सगळे.

वहिनींची इच्छा होती, आजच्या सभेत रामाचा आवाज लावावा. रास्त इच्छा होती. त्यांनी इरफानला सांगितलं, कारण तो कॉम्प्युटर रामाच्या खालोखाल त्यालाच कळतो. इरफान बसला. शेवटचं गाणं उघडलं. सगळे तुकडे जोडून त्याची एक फाइल करायची होती. होईना. डिस्क गच्च भरलेली. जागाच नाय.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. उघडलेल्या गाण्यात न वापरलेली रेकॉर्डिंग शोधून पुसून टाकायची. एका गाण्याला आपण दहादा गातो, त्यातलं एक ठेवतो. बाकीचं फोल्डरमध्ये पडून राहतं. ते झाडून काढायचं. आम्ही सगळेच करतो. इरफाननं तेच केलं. नक्की पुसू का, असं मशीननं विचारलं. तो हो म्हणाला. तुम्हीही म्हणाला असता. 

फक्त त्या फोल्डरमध्ये एक गाणं नव्हतं. सगळी होती. रामानं इतक्या वर्षांत केलेलं प्रत्येक गाणं, त्याचा प्रत्येक आवाज, प्रत्येक गिटार, एकाच फोल्डरमध्ये. मशीनला समोर उघडलेलं एकच गाणं माहीत. बाकीचं सगळं त्याच्या हिशेबी कचरा. पुसलं. आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवी फाइल लिहिली गेली. नंतर डेटा काढून देणाऱ्या दोन दुकानांत डिस्क नेली. दोघांनीही हात टेकले.

एक गाणं वाचलं. उघडलेलं तेवढंच.

त्या संध्याकाळी इरफानचा मला फोन आला. म्हणाला, "दीदी, सब उड गया. मेरे हाथ से उड गया." मी विचारलं, वहिनींना सांगितलंस का? म्हणाला, "पहले उनकोच बताया." लपवता आलं असतं त्याला. कॉम्प्युटर खराब झाला म्हणाला असता तर आपल्यातल्या कुणाला कळलं असतं? मेलेल्या माणसाच्या मशीनवर ढकलून देणं किती सोपं होतं.

आता जे बोलणार आहे ते शोकसभेत बोलायचं नसतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, मलाही कळतं. पण जिवंत माणूस चपलांजवळ उभा असताना मला तेवढी रीत पाळता येणार नाय.

वेगळं फोल्डर करायचं काम रामाचं होतं.

प्रत्येक गाण्याला त्याचं स्वतःचं फोल्डर. घरी रेकॉर्डिंग करणारं शाळेतलं पोरगंसुद्धा पहिल्या आठवड्यात हे शिकतं. मी त्याला किती वेळा सांगितलं असेल. भांडले. एकदा तर लासूर स्टेशनला कार्यक्रमाला जाताना गाडीत सबंध रस्ताभर भांडले. तो मागं वळून म्हणाला, "येगळं येगळं कशाला गं? मेंढरं काय एकेक कोंडत्यात व्हय? सगळी एकाच वाघरीत." वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. गाडीतले सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या डिस्कवर कॉपी तरी काढ म्हटलं, तर म्हणाला, येत्या रविवारी. त्याचा तो रविवार कधी आलाच नाय.

इरफान त्या दिवशी गाडीत नव्हता, दुकान बंद करून मागून आला होता, आणि रामानं त्याला हे कधी सांगितलंच नव्हतं. इरफाननं झाडलं ते एक गाण्याचं फोल्डर समजून. रामाची गिटार जेवढी नेटकी, तेवढा त्याचा कॉम्प्युटर गबाळा. माझा तो जिवाभावाचा दोस्त होता आणि याबाबतीत तो चुकला. मला त्याचा राग येतो. गेला म्हणून राग यायचा थांबत नाय. घरात एकटी असले की मी त्याला अजून शिव्या घालते आणि मग रडते.

आबा, काही म्हणताय? थांबा, माइक नको त्यांना, मी सांगते. जरा शांत बसा सगळे.

आबा विचारतायत, "म्हंजी चूक आमच्या रामाची व्हय?"

व्हय, आबा. निम्मी त्याची. तुमच्या तोंडावर सांगतेय, पण व्हय.

वहिनी, तुमच्याशी बोलते. तुम्ही इरफानचा फोन घेत नाय, मला माहीत आहे. मी तुम्हाला त्याला माफ करा असं म्हणणार नाय. ते सांगणारी मी कोण? तुमच्या घरातून तो आवाज गेलाय. तुमची छोटी झोपावी म्हणून रामानं केलेलं गाणं होतं, तेही त्यातच गेलं. तुम्ही वर्षभर रागावलात तरी तो हक्क तुमचा आहे. पण हक्क तुमचा आहे, वहिनी. या हॉलमधल्या पाऊणशे लोकांचा नाय. यांनी तुमचा राग उसना घेतलाय, आणि त्यातल्या काहींना तो वेगळ्याच कामाला वापरायचाय.

रामा गेला त्या दिवशी आपण सगळे दवाखान्याच्या आवारात नुसते उभे होतो. आबांना गावाकडून आणायला कोण गेलं? इरफान. दुकानाचं शटर ओढलं, मित्राची गाडी मागून घेतली आणि निघाला. आबांना खरं काय ते त्यानं रस्त्यात सांगितलं, गाडी बाजूला घेऊन. आपल्यातल्या एकाचीही तेवढी छाती झाली नव्हती. आपण फोनवर "जरा तब्येत बरी नाय" एवढंच बोलत होतो.

इरफान, आत ये.

नको म्हणून मान हलवू नकोस. ये.

वाट द्या त्याला. पाय आवरा, भाऊ. तुम्हालाच म्हणतेय.

आबा सरकलेत. आबा सतरंजीवर हात ठेवून दाखवतायत, इथं बस म्हणून. इरफान, तिथंच बस. रडतोयस तर रड, पण बसून रड.

वहिनी, तुम्ही त्याच्याकडं बघितलं नाय तरी चालंल. तुम्ही उठून गेला नाहीत, मला तेवढं पुरे आहे.

राहिलेलं एक गाणं आपण थोड्या वेळानं लावू. त्यात मधेच रामाचा सूर ढळतो. इरफानला तो नीट करून घेता आला असता, आजकाल एका बटणाचं काम आहे ते. त्यानं हात लावलेला नाय. जसा गायला तसाच ऐकू.

त्याआधी रामासाठी दोन मिनिटं गप्प राहायचंय. श्रद्धांजलीला उभं राहायची आपली पद्धत आहे. पण आज कुणी उठू नका, जिथं आहात तिथंच बसून राहा. उठबस झाली की जागा बदलतात, आणि इरफानला बसायला आत्ता कुठं जागा मिळालीय.