पार्षदसाहेबांचं पागलपण

अवो, पागलच आहे म्हणते ना मी—लिवा तुमी, अनुजाबाई, चांगलं जाड अक्षरात लिवा. देवाजी पार्षद—पार्षद म्हणजे तुमच्याकडचा नगरसेवक—कँप-एक, भिलाई, अन् खाली मी, त्याची बायको सिंधुताई. मेंटल दवाखान्यानं चौकशीले नागपूरची बाई पाठवली हे बाकी बरं केलं, मागच्या खेपेले जो आला तो हिंदीतून विचारे, अन् मले हिंदीतून नवऱ्याले नावं ठेवाले जमत नाही. काय म्हटलं? कवापासून असं करते? आता वकीलसाहेबानं सांगतलं का सहा महिन्यापासून म्हणा, म्हणजे शेषराव मेला त्याच्या आधीपासून डोकं ठिकाणावर नव्हतं असं होते, अन् मग खून केला असला तरी केला नाही असं काहीतरी होते. पण खरं सांगू का, मले तर लग्नापासूनच वाटून राहिलं होतं.

तुमच्या दवाखान्यात तो पंख्याकडे पाहून 'भाइयों और बहनों' म्हणते? अवो, घरीही म्हणे! भाजीत मीठ कमी पडलं तरी उठून भाषण दे. एकाच नालीचं तीनदा उद्घाटन केलं त्यानं—एकदा नाली नव्हती तवा, एकदा अर्धी झाली तवा, अन् एकदा वाहून गेली तवा—तीनही वक्ती नारळ फोडला, तीनही वक्ती लोकाइनं टाळ्या वाजवल्या. तवा कोणी डॉक्टर बसवला? नाही बसवला. उलट पुढच्या इलेक्शनले जास्त मतं पडली. स्टील प्लांटात होता तवा बरा होता बिचारा, शिफ्ट करे, घरी येऊन जेवे, झोपे. हे पार्षदपण अंगात आलं अन् माणूस कामातून गेला.

शेषराव कोण म्हणजे? चुलतभाऊ ह्याचा, एका आजाचे नातू. भंडाऱ्याकडून दोघं एकाच गाडीनं आले इकडं कामाले लागाले. जामुलच्या बंद खदानीत सापडला, पाण्यात, डोक्याले मार. पोलीस म्हणते ह्यानंच मारला, कावून का शेषराव औंदा ह्याच्याच वॉर्डातून ह्याच्याच विरुद्ध उभा राहून राहिला होता. असंल, नसंल—मी काय पाहाले गेली होती? वकीलसाहेब म्हणते, सिंधुताई, तुमी खुनाचं काहीच बोलू नका, तुमी फक्त पागलपणाचं बोला. तर बोलते.

पक्का सबूत देते, घ्या. महालक्ष्म्या! तुमी नागपूरच्या, तुमाले काय सांगू—मंगळवारी बसणार, बुधवारी जेवणार, सोळा भाज्या, पुरण, आंबील. बावीस वर्षं झाले आमच्या घरी, अन् हा पार्षद झाल्यापासून तर साऱ्या कँपाचं जेवण, चारशे पानं उठते. अन् औंदा इलेक्शन तोंडावर! मी मंगळवारी सकाळी मुखवटे पुसून राहिली, अन् हा दारात उभा राहून म्हणते, बसवू नको. अवो, कावून? बसवू नको म्हटलं ना! चारशे मतदार, बाई, आपल्या पायानं जेवाले येणारे—कोणता शहाणा पार्षद त्याइले परत पाठवंल? सांगा तुमीच. तवाच मी समजली, गेलं ह्याचं डोकं.

अन् पुढचं ऐका. देवघराकडं फिरके ना. मी दिवा लावाले गेली तर हात धरला माहा. दाढी नाही, पलंग सोडून खाली सतरंजीवर झोपे, घरात कढई चढू देल्ली नाही, तळण नाही, गोड नाही—सुतक असल्यावाणी! मी म्हटलंही, अवो, मेलं कोण आपल्यात? तर सतरंजी झटकून पुन्हा आडवा झाला. बुधवारी माही जाऊ आली, रुक्मा, शेषरावची बायको—म्हणे हे सोमवारपासून घरी आले नाही, गोंदियाले पोरीकडं गेले असंल. निघाली तर मी तिले कुंकू लावाले करंडा काढला, तर ह्यानं मधातच येऊन हातातून घेतला. तिले वाटलं भासरे, म्हणजे हाच तिचा मोठा दीर, रागावले. मी म्हटलं, जाऊ दे माय, पागल झाला आहे तो. लिवलं ना हे? लिवा.

शेषराव सापडला शुक्रवारी. मग सुतक साऱ्याच भावकीले पडलं, ते तर रीतच आहे. सापडला तो दिवस धरून दहावा आला दुसऱ्या रविवारी, सारे शिवनाथ नदीवर गेले, न्हावी एकेकाचं डोस्कं भादरून राहिला, अन् आमचे साहेब पहिलेच चकोट! न्हाव्यानं बोलावलं तर म्हणते, माहं झालं बुधवारीच. झालंच होतं, मीच तर पाणी काढून देल्लं होतं त्या बुधवारी, घाटाच्या चार दिवस आधी, चांगला डोक्यावरून न्हाला, अन् म्हणे चढव आता कढई, भजे काढ. आता बोला! लोकाइचं सुतक चालू अन् ह्याचं फिटलं! हसा ना, बाई. हसत कावून नाही? घाटावर तर पोट्टे हसले.

काय मोजून राहिल्या? बोटावर काय... बुधवार, मंगळवार... हो, दहा. दहावा येते सोमवार. बरं मग? शेषराव घरून गेला तो सोमवार, हो. अन् हाही सोमवारी संध्याकाळी जामुलले मीटिंगले... नाही, हे नका लिवू. ते खोडा. खोडता येत नाही? कावून नाही येत, पेनच तर आहे! पागलाले दहा दिवस बरोबर मोजता येते का म्हणता? नाही येत. मले माहीत आहे नाही येत. शुक्रवारपासूनच माहीत आहे. माणूस माराले भ्याला नाही हा, पण सुतकात महालक्ष्म्याइले जेवू घालाले भ्याला.

थांबा. वकीलसाहेबाले फोन नका लावू, मी बोलून राहिली ना. घाटावर, सारं आटोपल्यावर, रुक्मा भटजीले विचारून राहिली होती—श्राद्धाची तिथी कोणती धरू? डॉक्टर म्हणे तीन-चार दिवस पाण्यात होता, पक्कं कोणी सांगे ना. भटजी म्हणे, सापडला त्या दिवसाची धरा, बाई. ती म्हणे, त्या दिवशी तर ते पहिलेच नव्हते ना, मग उपाशी नाही का राहणार माहा माणूस? अन् हा बाजूलेच बसला होता, चकोट डोस्कं घेऊन. ह्याले माहीत होतं. मलेही होतं. दोघंही मुके बसलो.

लिवा, अनुजाबाई. तुमच्या त्या कागदावर काय लिवायचं ते लिवा, पागल लिवा का शहाणा लिवा. पण पहिले रुक्माकडं जा, मागच्या गल्लीत, निळं दार आहे. तिले सांगा, सिंधुताईनं निरोप देल्ला—सोमवारची तिथी धर. मी नाही येत संगं. जा तुमी.