कुंपणाआडचा बाक

हसू नका, पण मला लातुरातल्या एका विद्यापीठाच्या पोरींचा हेवा वाटत होता. आमचे हे आर्किटेक्ट. पोरांना मोकळं बसता यावं म्हणून तिथलं सगळं आवार यांनीच आखलेलं. रोज जेवताना तेच ऐकायचं. कडुलिंबाखाली कट्टे, आणि कुणाला एकटंच बसून रडावं वाटलं, तर मेंदीच्या कुंपणाआड एक बाक.

मी म्हणलं, "आणि मी कुठं रडू?"

"तुला काय झालंय रडायला?" असं म्हणून यांनी भाकरी मोडली. मी अंगणात एक कडुलिंब मागितला होता. पानं पडून घाण होते म्हणून यांनी सगळीकडं फरशी घातली.

उद्घाटनाला मला पण नेलं. भाषणं चालू असताना मी हळूच उठले आणि त्या कुंपणाआडच्या बाकावर जाऊन बसले. सावली, वारं, अन् कुणाची हाक नाही. मला खरंच रडू आलं. तेवढ्यात होस्टेलची एक पोरगी आली अन् मला बघून थबकली.

"बसा मावशी, तुमचं होऊ द्या. मी नंतर येते."

तिच्या मागोमाग हे शोधत आले. "इथं काय करायलीस? हे विद्यार्थ्यांसाठी हाय!"

मी गुमान उठले. एम.ए.चे प्रवेश चालूच होते. दुसऱ्या दिवशी जाऊन नाव घातलं.

यांना कळलं तेव्हा तोंडाचा आ झाला. "ह्या वयात एम.ए.? कशाला?"

मी म्हणलं, "बसायला."