अकरा गणपती, एक अर्ज

गुणाजी : रजा मंजूर झाली, नलू. गणपतीचे सात दिवस. पण ते तू ऐकलंच नाहीस. असं समज, अर्ज अजून दिलेलाच नाही. ही त्याची कॉपी. यातल्या चुका काढ.

नलिनी : मंजूर अर्जातल्या चुका काढून काय करायचंय, मामा?

गुणाजी : अगो, तुझ्या मामीचा मोतीबिंदू पिकलाय. कंपनीच्या दवाखान्यात ऑपरेशन होतं, पण तिचं कार्डच देत नाहीत. चंद्रप्रकाश क्लार्क म्हणाला, गडबड तुझ्या रजेच्या अर्जात आहे, कुणा शिकलेल्याकडून वाचून घे. तू अंधेरीला इंग्रजीच्या क्लासला जातेस ना?

नलिनी : तीन महिने झाले. ती लाल पेन्सिल द्या. ही एक चूक. ही दोन. हे वाक्य जोगेश्वरीला सुरू झालंय, विरार आलं तरी पूर्णविराम नाही. तीन.

गुणाजी : कार्ड कुठे अडलंय ते बघ.

नलिनी : थांबा हो. क्लासच्या मृणालिनीबाई सांगतात, चुका काढताना अर्थात गुंतायचं नाही. आधी चुका, मग अर्थ. नऊ, दहा. झालं. आता अर्थ बघते.

गुणाजी : बघ.

नलिनी : मामा, मामी कुठेय?

गुणाजी : खाली. अंजनाबाई कोळणीशी मासळीवरून भांडतेय. ऐकू येत नाय?

नलिनी : येतंय. इथे लिहिलंय, ती काल सकाळी वारली. दिवसकार्यासाठी गावी जायचंय.

गुणाजी : मी असं कशाला लिहीन? हा अर्ज माझा नाहीच. दत्तारामाचा. त्र्याहत्तर साली आमच्या सगळ्यांच्या गणपतीच्या रजा नामंजूर, आणि त्याच्या अर्जावर साहेबाने उभ्या उभ्या सही केली. म्हटलं, भाषा झकास असणार. इंग्रजी मला कुठे वाचता येतं? पुढच्या वर्षी तस्साच उतरवून घेतला. तेव्हापासून दर गणपतीला तोच. फक्त नाव आणि तारीख माझी.

नलिनी : दत्तारामकाकांची बायको कधी गेली?

गुणाजी : त्र्याहत्तर साली. गणपतीच्या तोंडावर.

नलिनी : चौऱ्याहत्तर ते यंदा चौऱ्याऐंशी. मग मामी आजवर अकरा वेळा गेली.

गुणाजी : तरीच. साहेब बदलत राहिले, पण सही करताना प्रत्येक जण खांद्यावर हात ठेवायचा. यंदा मात्र साहेब गेल्या वर्षीचाच, दुसऱ्यांदा सही करत होता. 'अगेन?' म्हणाला. मी 'येस सर' म्हटलं. त्याने चहा पाजला.

शेवंती : (पिशवी घेऊन दारात) नलू, बघ गो, हे बांगडेच आसत मा?

नलिनी : बांगडे कुठले, तारले आहेत, मामी.

शेवंती : म्हणान ती अंजनाबाय हसत होती. कार्डाचा काय झाला ओ?

गुणाजी : कंपनीच्या कागदावर तू मेलीस. अकरा वेळा. माझ्या हातून.

शेवंती : अकरा वेळा? आणि बाराव्या दिवसाच्या जेवणाक एकदाय कोण इलो नाय?

नलिनी : मामा, साहेबांना खरं सांगून टाका.

गुणाजी : अकरा खोट्या रजा निघतील. नोकरी जाईल. निदान यंदाचा गणपती तरी होऊ दे.

शेवंती : गणपतीसमोर उभी रवान काय करू? माका तो नुसतो पांढरो दिसतलो.

गुणाजी : (नलूपुढे कोरा कागद सरकवतो)

शेवंती : तारले साफ करतंय. तुमी लिवा.

गुणाजी : नलू, पेन घे. यावेळी दत्ताराम नको, मी सांगतो तसं लिही. 'माननीय साहेब, मंजूर झालेली रजा परत करीत आहे. माझी पत्नी सौ. शेवंती हिला सन चौऱ्याहत्तरपासून, मागील तारखेने, हयात समजण्यात यावे, ही नम्र विनंती.'