जैतुनचं बोट

माझं माहेर साताऱ्याचं. आमी शिकलगार, धार लावनारं लोक. दसरा जवळ आला की माझ्या बापाला गावागावांतनं बोलावनं यायचं, घरोघरच्या तलवारी घासून चकचकीत करायच्या, आन बाकीचं साल मग सुऱ्या, कात्र्या, न्हाव्याचं वस्तरं, जे येईल ते, त्यामुळं दगडावर लोखंड घासल्याचा आवाज ऐकतच मी मोठी झाले, अजून तो आवाज आला की मला माहेरी गेल्यागत वाटतं. मग मला सांगलीला दिली. तवा जर्मनीसंगं दुसरी लडाई चालू व्हती. ज्येंना दिली त्येंचं नाव मी घेत न्हाई, पोरी, समदं गाव मिस्त्री म्हनायचं, तूबी मिस्त्री म्हनूनच लिव.

मिस्त्री धारेचं काम करत न्हवतं, पिस्तुलाचं करायचं. सांगलीला तवा संस्थान व्हतं, सरदार लोक, इनामदार लोक, पल्टनीतनं रजेवर आलेलं सायेब, ह्येंना नेमबाजीचा लय नाद. विश्रामबागच्या माळावर नेम धरायला तक्तं लावायचं आन शर्यती लावायच्या. आता तुला वाटंल पिस्तूल इकत आनलं, गोळी घातली, झालं. तसं न्हाई गं बाई. वर घोडा असतो, तो गोळीच्या बुडावर आपटतो. त्या घोड्याच्या पायाला खाच, आन खाचेत एक बारकी पट्टी अडकून बसती. चाप ओढला की पट्टी सुटती आन घोडा पडतो. चाप जड असला तर ओढताना हात हालतो, गोळी कुटंबी जाती. म्हनून चापाला मागं रेटनारी आतली कमान पातळ करायची, खाच आन पट्टी दगडावर घासायची, थेंबभर तेल टाकून, अशी घासायची की कवा सुटली ते बोटाला कळूच ने. पन लय घासली तरबी चालत न्हाई, शर्यतीआदी चापाला वजन टांगून बघायचं, वजनानं घोडा पडला की तो मानूस बाद. लडाईमुळं बाहीरचा माल बंद, मग ह्ये जुन्या घड्याळातल्या पट्ट्या तोडून कमानी करायचं, लाल तापवून करडईच्या तेलात बुडवायचं, परत शेकत ऱ्हायचं, मोराच्या मानंगत निळा रंग आला की काढायचं. मी बघत बसायचे. कुनाला दिसायला चांगलं वाटंल असं काम न्हवतं ते, पन मला वाटायचं.

आता मुद्द्याचं सांगते. मिस्त्रीच्या बोटांची कातडी गेली व्हती. दगडानं आन जाळानं बोटं अशी टनक झालती की निखारा उचलला तरी सूं म्हनायचं न्हाईत. मग चाप कसा झालाय ते त्येंना कळनार कसं? लग्न होऊन सनाचं पैलं वरीसबी सरलं न्हवतं, एक दिस मला हाक मारली, म्हनलं हिकडं ये, बस, डोळं झाक आन ह्यो चाप दमानं ओढ. मी घाबरले. त्येनी पिस्तूल उघडून दावलं, बघ, रिकामं हाय, घोड्याखाली चामड्याचा तुकडा दिलाय. मी ओढला. मी म्हनलं, ह्यो रांगतोय. म्हनजे काय, ह्येनी इचारलं. मी म्हनलं, सुटायच्या आदी जरासा सरकतोय, पोरगं रांगतं तसा. त्येंचं तोंड असं फुललं, काय सांगू तुला! म्हनलं बरोबर, बरोबर, तेच पायजे मला. मग दोन हात दगडावर मारायचं आन मला द्यायचं. रांगतोय का? रांगतोय. आता? आता वाळू लागतीया. आता? आता मोडला, वाळल्या तुरकाटीगत कट्टदिशी, म्हनजे जमला. असं आमचं चालायचं. नवराबायकू एवढी बोलत न्हवती गं त्या काळात, पन आमी बोलायचो. गल्लीतल्या बाया इचारायच्या, दिसभर ओसरीवर काय गुलूगुलू चालतं तुमचं? मी हसायचे निस्ती. बाकीच्या बायांना नवरा हाक मारायचा ती पान्याला आन जेवनाला.

मग माझ्या धाकट्या दिरानं, दस्तगीरनं, जैतुन आनली. कराडच्या शेजारी मलकापूर हाय बघ, तिथली. बाप बांगड्या भरनारा मनेर. आमच्यात मनेराची पोरगी करत न्हवते, पन दस्तगीर कराडच्या उरसात तिला बघून आलता आन हट्टाला पेटला, जेवना झाला, शेवटी मिस्त्रीच म्हनलं, आना मग. दिसायला काय इशेष न्हवती. मी आजबी सांगते, न्हवती. नाक बसकं. पन हात! ल्हानपनापासनं बापासंगं बायांच्या हातात बांगड्या भरलेल्या, कुनाचा पंजा कसा दाबायचा, काच कवा फुटंल, समदं बोटाच्या शेंड्यावर. बोटं तर अशी मऊ की आजून दूधच पितीया.

मला थोरली लेक झाली. चाळीस दिस मी खोलीत. आन हिकडं एका सरदाराचं पिस्तूल अडलेलं. दस्तगीर म्हनला, दादा, माझ्या घरातलीला बघू द्या की. आता आमच्यात भावजय जेठाच्या, नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, म्होरं येत न्हाई, बोलत तर न्हाईच न्हाई. मग ओसरीच्या दाराला माझंच जुनं लुगडं बांधलं, पडद्यापल्याड ती, अल्याड ह्ये, खालनं पिस्तूल सरकवलं. तिनं ओढलं आन दस्तगीरच्या कानात सांगितलं. काय सांगितलं म्हाईत हाय? म्हनली, दोनदा अडतंय. एकदा सुरवातीला आन एकदा सुटायच्या आदी. मिस्त्रीनं घोडा काढून भिंगानं बघितलं तर खाचेत दोन बारीक चरे. ते माझ्या बोटाला कवाच कळलं नसतं. हे मला खोलीत दस्तगीरनंच येऊन सांगितलं, खूश होऊन, जसं काय मलाबी आनंदच व्हनार हाय. माझ्या पोटात असं काय दुखलं की बाळंतपन बरं.

न्हाऊनमाखून मी भाईर आले, पदर खोचून ओसरीवर जाऊन बसले, माझ्या जागेवर. ह्ये म्हनलं, ऱ्हाऊ दे आता. तुझं बोट भाकरी थापून जाड झालंय. असं म्हनलं बघ! आन ती भाकरी खात कोन व्हतं? पन उठले आन चुलीशी जाऊन बसले. बरं, दस्तगीरला पोटासाठी फिरावं लागायचं, मग पडद्यापल्याडचं अल्याड सांगनार कोन? मीच की. ती दारात मागं, ह्ये म्होरं आन मदी मी. ती हळूच म्हनायची, भाबी, रांगतोय. मी म्हनायचे, रांगतोय म्हनती. ह्ये इचारायचं, लय का थोडा? मी मागं वळून इचारायचे, लय का थोडा गं? अंगाचा तिळपापड व्हायचा माझा. माझ्या नवऱ्याचं बोलनं माझ्याच तोंडातनं तिच्याकडं चाललेलं. आन रांगतोय हा सबूद कुनाचा? माझा! तोबी तिनं घेतला.

तेवढ्यावर भागलं न्हाई. दस्तगीरनं फर्मान काढलं, हिच्या बोटाला राख लावायची न्हाई, भांडी घासायची न्हाईत, भाकरी थापायची न्हाई, बोट खराब व्हईल. आन मिस्त्रीनं मान डोलावली. मग घरातलं समदं मी. मी जात्यावर, मी चुलीवर, मी आडावर, आन बाईसायेब बोटाला लोनी चोळून पडद्याआड. बरं, ती वाईट असती तर मी भांडून मोकळी झाले असते. पन वाईटबी न्हवती. म्हनायची, भाबी, द्या की मी पीठ मळते. मी म्हनायचे नको बाई, तुझं बोट झिजलं तर सांगली संस्थान बुडंल. तर ती हसायची. खरंच हसायची, मला वाटायचं मुस्काटात द्यावी.

एक मोठी शर्यत आली. आमच्याकडं काम देनारं रावसायेब, आन समोर साताऱ्याचा पल्टनीतला एक सायेब, त्येचं पिस्तूल इलायती, कोरं. ह्येंची जेवनावरनं वासना उडाली. रावसायेब हरलं तर समदी कामं पुन्याला जानार, असं उघड बोलून गेलतं. आन नेमकं त्येच्या आदल्या दिशी माझं डोस्कं फिरलेलं. तांब्याचा हंडा घासता घासता माझ्या तोंडातनं निगालं, तिचं बोट घाला एकदा चुलीत, म्हनजे माझी सुटका व्हईल. ह्येनी ऐकलं.

दुसऱ्या दिशी सकाळी बसलो. ह्ये दगड फिरवायचं, पिस्तूल पडद्याखालनं सरकवायचं. जैतुननं ओढलं, परत ओढलं, म्हनली, भाबी, झाला. आता हात लावू नका म्हनावं. मी म्हनलं, झाला म्हनती, आता हात लावू नका. ह्येंचा हात दगडावर थांबला. माझ्याकडं असं बघितलं, जसं कालचं चुलीचं बोलनं कानात हाय. म्हनलं, ती म्हनती का तू म्हनतीस?

काय म्हनावं सांग. येवढी वर्सं मी तिचा एकेक सबूद जसाच्या तसा पोचवला, जळत पोचवला पन खरा पोचवला. हे मानूस मला इचारतंय, तू म्हनतीस का. आन माझ्या उत्तराची वाटबी बघितली न्हाई. मान वर करून थेट पडद्याला म्हनलं, जैतुन, तू सांग. झाला?

जेठानं कवा तिचं नाव घेतलं न्हवतं. मला वाटलं आता ही बोलनार, झाला भाईजी म्हननार, आन मग माझी गरजच काय ऱ्हायली ह्या दोगांत? मी हंडा घासायला जायचं, कायमची. मग पडद्यामागनं म्हनली, त्येंना न्हाई, मला म्हनली, पन त्येंना ऐकू जाईल अशी, भाबी, त्येंना सांगा, भाबीनं जे सांगितलं तेच माझं म्हननं. दुसऱ्यांदा मला इचारायचं न्हाई.

ह्येनी दगड खाली ठेवला. वजन टांगलं, घोडा तसाच उभा ऱ्हायला. शर्यतीत रावसायेब पैलं आलं, साताऱ्याचा सायेब मागं पडला, माझं माहेर हरलं आन मी हसत पेढं खाल्लं. पन तुला सांगू का, त्या दिशी मला सगळ्यात जास्त जळायला झालं. ती बोलली असती तर मी तिला जन्मभर शिव्या दिल्या असत्या, सुकानं दिल्या असत्या. तिनं माझी बाजू घेतली. त्यातबी तीच मोठी झाली! मला काय ऱ्हायलं मग?

माझं चुकलं असं ह्ये कवा म्हनलं न्हाईत. त्यानंतर मात्र मी जे सांगीन ते मुकाट्यानं ऐकायचं, फिरून इचारायचं न्हाई. संस्थानं गेली, शर्यती बंद पडल्या, मिस्त्री शेवटाला कंदील आन रॉकेलचं इष्टो दुरुस्त करायचं, त्येला कुनाचं बोट लागत न्हाई. आदी दस्तगीर गेला, मग ह्ये गेलं, जैतुन परवाच्या साली गेली. जाताना माझा हात धरून पडलेली, त्या मऊ हातात माझा हात, मला सोडवंना. मी रडले. लय रडले. खोटं कशाला बोलू?

रोज नमाजाला तिच्यासाठी दुवा मागते. अल्ला तिला जन्नत दे, गार सावली दे, तिच्या बोटाला तिथंबी राख लागू देऊ नको. पन ह्येंच्यापासनं दोन घरं सोडून दे. ह्येंच्या शेजारची जागा माझी हाय, मी येतेच हाय आता, तवर तिथं कुनाला बसू देऊ नको.