उंदीर असतीस तर

(दवाखान्यातला बाक. मायलेकी इंजेक्शनसाठी थांबल्या आहेत.)

मुलगी : आणि हे बघ, आत गेल्यावर माझ्या कामाचं काही काढायचं नाही.

आई : का गं? डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा माझा तर जीव भांड्यात पडला. म्हटलं, हा आपल्या ओळखीचाच! आमची ठमी रोज प्रयोगशाळेत उंदरांच्या पोटात हाच बघते.

मुलगी : हळू बोल, आई.

आई : लोक आपल्या मुलींचं काय काय मिरवतात. मी एवढंही सांगू नको?

मुलगी : लाज वाटते मला.

आई : उंदीर मारतेस त्याची?

मुलगी : त्याची नाही गं. शरीर आपल्याच पोटावर उठतं, मग अन्नातलं बी-बारा अंगी लागत नाही, रक्त कमी होतं, नसा दुबळ्या होतात, असा हा आजार. उंदरांना तो मीच मुद्दाम लावते. मग एकेकाला उचलून वजन करते, पंजे फिके पडलेत का बघते, चाल बघते. आणि तू जीभ जळते म्हणालीस, तेव्हा काय म्हणाले मी?

आई : तिखट कमी खा म्हणालीस. खोटं काय त्यात? माझा हात जरा सढळच आहे.

मुलगी : बोटांना मुंग्या येतात, म्हणालीस.

आई : तेव्हा तू कुठे जाग्यावर होतीस! तुझे एका पिंजऱ्यातले सगळे मलूल पडले होते. रडवेली झाली होतीस नुसती.

मुलगी : तुझ्या हातून कप सुटला, तर चिडले मी तुझ्यावर.

आई : कप चांगला होता गं.

मुलगी : हसवू नकोस. रोज समोरासमोर बसून जेवतो आपण. तू भिंत धरून चालायला लागलीस, तेही मला दिसलं नाही. उंदीर असतीस तर दुसऱ्या दिवशी कळलं असतं.

आई : उंदीर असते तर पोट चिरून बघितलं असतंस. माणूस आहे तेच बरं आहे.

नर्स : (आतल्या खोलीत, सुई भरत) चला आजी, बाही वर घ्या. लाल बघून घाबरू नका, या औषधाचा रंगच तसा असतो.

आई : असू दे. मुंग्या जातील ना पण?

नर्स : रक्त भरेल हो लवकर. मुंग्यांचं मात्र सांगता येत नाही, थोड्या राहतीलही. फार उशीर केलात. घरात कुणाच्याच लक्षात नाही आलं?

आई : घरात कोण असणार? एकटी राहते मी. ही बिचारी लांबून आलीय, रजा काढून.

मुलगी : नाही, सिस्टर. आम्ही एकाच घरात राहतो. आणि मी... माझं कामच या आजारावर आहे.

नर्स : याच आजारावर?

आई : उंदरांच्या हो. माणसांच्या नाही.